तेव्हा शब्द नव्हता: समलिंगी बालपणाच्या आठवणी आणि वाचकांचे प्रश्न

समलिंगी वाचकांनी आपल्या लहानपणाविषयी लिहावं, असं आम्ही गेल्या अंकात सुचवलं होतं. पत्रं आली, पण बहुतेकांत आठवणींच्या आधी अडचणीच होत्या: सुरुवात कुठून करू, कुणाचं नाव घालू, कापलेल्या फोटोचं काय करू. मुंबई आणि आसपासच्या पत्रांमधले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. कुणाचंही नाव दिलेलं नाही.

माझा जन्म १९७३चा, लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, वडील गिरणीत होते. मुलांच्या शाळेत गॅदरिंगला मला गौळण केलं होतं. शेजारच्या काकूंनी त्यांचीच नऊवारी नेसवली. वडील दारातून म्हणाले, "पुरे झालं, उतरव ते." हे तिसरीतलं की चौथीतलं, ते आठवत नाही. लिहायला बसलो की 'मी समलिंगी आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं' एवढं एकच वाक्य येतं आणि पेन थांबतं.

पेन थांबतं ते त्या वाक्यामुळेच. आठ-नऊ वर्षांच्या त्या मुलाकडे 'समलिंगी' हा शब्द नव्हता. त्याच्याकडे काकूंची नऊवारी होती, दारातले वडील होते आणि पोटात काहीतरी होत होतं. पन्नाशीतला शब्द त्याच्या तोंडी घातला की सांगण्यासारखं काही उरत नाही, कारण निकाल आधीच लागलेला असतो. ते वाक्य खोडा. लिखाणाच्या शेवटी गरज वाटली तर परत घाला.

आधी साल लावून घेऊ. १९७९च्या जूनमध्ये तुम्ही पहिलीत गेला असाल, तर तिसरी १९८१-८२ची आणि चौथी १९८२-८३ची. शाळा सोडल्याचा दाखला किंवा एखादं प्रगतिपुस्तक सापडलं तर हे पक्कं होईल. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला आणि गॅदरिंग बहुतेक शाळांत डिसेंबरच्या सुमारास असतं. आता स्वतःला विचारा: वडील त्या वेळी घरी कसे होते? पाळी बदलली होती, सुट्टी होती, की संप? नऊवारी भाड्याने का आणली नाही? उत्तर संपाकडे जात असेल तर हे चौथीतलं, डिसेंबर १९८२चं. तसं असेल, तर दारात उभा असलेला माणूस अकरा महिने पगाराविना होता. त्याने त्याचं बोलणं बरोबर ठरत नाही. तुम्हाला लागलं ते लागलंच. पण दारातला माणूस नीट दिसू लागतो, आणि लिहिणाऱ्याला तोच हवा असतो.

मुंबईत वाढलेल्यांना अशा खुणा भरपूर मिळतात. घरात किंवा शेजारी टीव्ही आला होता का (मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं), १९८३च्या जूनमधला वर्ल्ड कप, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगली, १२ मार्च १९९३चे स्फोट, २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पिऊ लागले तो दिवस, २६ जुलै २००५चा पाऊस. आठवण यातल्या कशाच्या आधीची आणि कशाच्या नंतरची, एवढं ठरलं तरी इयत्ता सापडते.

मग वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे तेव्हा दिसलं, ऐकू आलं, अंगाला जाणवलं तेवढंच लिहा: निऱ्या कशाने धरल्या होत्या, पायात काय होतं, वडील नेमकं काय म्हणाले. उजवीकडे त्याचा आज लागणारा अर्थ. एका बैठकीत वीस मिनिटं पुरे, आणि पहिल्या आठवड्यात डावीकडचीच बाजू भरायची. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका: स्वतःला आठवत असेल तर 'आ', घरच्यांकडून ऐकलं असेल तर 'ऐ', फोटोत पाहिलं असेल तर 'फ'. आठवण दर वेळी सांगताना थोडी नव्याने घडते आणि दुसऱ्याचं ऐकलेलं त्यात मुरतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आधीचं म्हणून जे आठवतं, ते बहुधा 'ऐ' किंवा 'फ'च निघतं. तेही लिहा, फक्त अक्षर खरं टाका.

अडलात तर खोलीचा नकाशा काढा. दहा बाय बाराच्या खोलीत मोरी कुठे, माळा कुठे, रात्री कोण कुठे झोपायचं, गॅलरीतून आत काय दिसायचं. चाळीत एकांत नव्हता, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला कुणीतरी साक्षी असायचं. तो साक्षीदार नकाशात सापडतो.

चिडवणारे शब्द सभ्य करू नका. 'मला हिणवलं' यातून काहीच दिसत नाही. 'बायल्या' म्हणालं असेल तर कोण म्हणालं, कुठल्या जिन्यावर, आणि बाकीचे हसले का, ते लिहा.

एक राहिलं. नऊवारी नेसायला आवडणं आणि मुलगा आवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. साडीची हौस असलेले कित्येक जण पुढे बायकांच्याच प्रेमात पडतात, आणि मुलगे आवडणाऱ्या कित्येकांना साडी कधी नेसावीशीही वाटलेली नसते. तुमच्या पत्रात गौळण आहे, काकू आहेत, वडील आहेत. कृष्ण कोण झालं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिथून सुरू करून बघा.

मी दादरची, वय ४४. मला बायका आवडतात हे तिशीत कळलं. पुरुषांच्या आठवणींत मारहाण असते, चिडवणं असतं. मला कुणी काहीच बोललं नाही. माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे?

कुणी काही बोललं नाही, हेच तुमचं. दोन मुली एका पांघरुणात झोपल्या, एका डब्यात जेवल्या, हातात हात घालून शिवाजी पार्कला फेऱ्या मारल्या, तर घरच्यांना ते गोडच वाटतं. मुलग्याला हटकतात म्हणून त्याला आपण वेगळे आहोत हे लवकर समजतं. मुलीला कुणी हटकत नाही आणि कुणी नावही देत नाही, त्यामुळे 'जिवाभावाची मैत्रीण' या दोन शब्दांखाली सगळं जातं.

तेव्हा घटना शोधू नका, वजन शोधा. कुणाची वेणी घालून द्यायला तुम्ही लवकर उठायचात? बाकावरची जागा बदलली तेव्हा कुणासाठी रडलात? भोंडल्याला कुणाच्या शेजारचा हात मिळावा म्हणून फेर मोडून पुन्हा धरायचात? सुट्टीत ती गावी गेल्यावर पत्रं किती आली, आणि ती कुठे आहेत? स्लॅमबुक असेल तर काढा. तिथल्या 'आवडती व्यक्ती'च्या रकान्यात तुम्ही कुणाचं नाव लिहिलंत, कुणाचं लिहिता लिहिता राहिलात, ते बघा.

आणि तिच्या लग्नाचा दिवस लिहा. तुम्ही काय नेसला होतात, हॉलमध्ये कुठे उभ्या होतात, घरी कशा आलात, रात्री जेवलात का. आमच्याकडे आलेल्या बायकांच्या पत्रांत हा दिवस पुन्हा पुन्हा येतो, पण तो शेवटच्या ओळीत आणि घाईत येतो. तुम्ही त्याला दोन पानं द्या.

वसईला राहणाऱ्या सत्तरीतल्या एका काकांच्या आठवणी मला फोनवर रेकॉर्ड करायच्या आहेत. ते कधी उत्साहात असतात, कधी घाबरतात. तयारी काय करू?

परवानगी पहिली, आणि ती कागदावर. चार गोष्टी लिहून घ्या: नाव खरं द्यायचं की बदललेलं, कोण ऐकू शकेल, कधीपासून ऐकू शकेल (काही जण 'बहीण आहे तोवर नको' असं सांगतात, तेही तसंच लिहा), आणि मन बदललं तर काय करायचं. शेवटच्या मुद्द्याचं उत्तर एकच: पुसून टाकायचं. सगळं रेकॉर्डिंग झाल्यावर हाच कागद परत वाचून दाखवा, कारण काय बोललो हे माणसाला बोलून झाल्यावरच कळतं.

त्यांची भीती उगाच नाही. त्यांचं अख्खं तारुण्य समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या सावलीत गेलं. ते '२००९ला सुटलो, मग पुन्हा अडकलो' असं म्हणाले तर गोंधळ समजून दुरुस्त करू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ला सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ला तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ला तेच संबंध पुन्हा मोकळे केले. हे त्यांना सांगा. बोलण्यात फरक पडतो.

आता आवाज. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग करू नका, आणि सकाळी कुकरच्या वेळीही नको. दुपारी दोन ते चार बरं. पंखा बंद करता येत नसेल तर सगळ्यात हळू ठेवा. फ्रिजची घरघर माणसाला ऐकू येत नाही, माइकला येते, म्हणून तो बंद करा आणि स्वतःच्या घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. ती घेतल्याशिवाय निघता येणार नाही आणि फ्रिज पुन्हा चालू करायचं राहणार नाही. फोन विमान मोडवर टाका. टेबलावर घडी घातलेला पंचा, त्यावर फोन, काकांच्या तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला. अगदी समोर ठेवला तर 'प', 'फ', 'भ' फुटतात. एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोन लावून ऐका आणि मगच सुरू करा.

अ‍ॅपमध्ये पर्याय असेल तर वेव्ह फाइल निवडा: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. तासाला साधारण ३२० एमबी लागतात, तेवढी जागा आधी रिकामी करा. बैठक तासाभराची, फार तर सव्वा तासाची. सत्तरीतला माणूस त्यापुढे दमतो, आणि दमल्यावर तयार गोष्टी सांगू लागतो.

'तुम्हाला कधी कळलं?' हा पहिला प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी आयुष्यभर घोटलेलं असतं. 'घरात तुम्ही कुठे झोपायचात?' इथून निघा. 'का' विचारलं की माणूस सफाई देतो. 'मग काय झालं?' विचारलं की सांगतो. ते गप्प झाले तर मनात दहापर्यंत मोजा, बहुतेकदा सातावर पुढचं वाक्य येतं. ते 'कोती' (बायकी वागणारा पुरुष), 'पंथी' (त्याचा मर्दानी जोडीदार) असे जुन्या मंडळींतले शब्द वापरतील. ते बदलू नका, फक्त अर्थ त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्या. १९९०मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींचं नियतकालिक निघालं आणि १९९४मध्ये त्यांच्यासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था सुरू झाली. त्याआधी आपल्यासारखी माणसं कशी, कुठे भेटायची, हे जरूर विचारा. सांगू शकणारे आता थोडे उरलेत.

नंतरची चूक सगळ्यांत महाग पडते. फाइल व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटमधून पाठवू नका, आवाज दाबला जातो. आणि फोन घरच्यांच्या सामाईक खात्याला जोडलेला असेल तर रेकॉर्डिंग आपोआप त्यांच्यापर्यंत जाऊ शकतं, तेव्हा आपोआप बॅकअप आधी बंद करा. तीन प्रती ठेवा: एक तुमच्या संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात तारीख घाला, काकांचं नाव घालू नका. तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात. वसईची बोली असेल तर ती तशीच उतरवा, पुस्तकी करू नका. काकांची तयारी असेल तर पुढे बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधल्या 'क्वामरा' या संग्रहाकडे विचारणा करता येईल. असं साहित्य जपणं हेच त्यांचं काम आहे.

माझा मुलगा सहावीत आहे, कांदिवलीला. वर्गात त्याला 'बायल्या', 'मीठा' म्हणतात. पीटीच्या दिवशी पोट दुखतं, डबा तसाच परत येतो. मिस्टर म्हणतात क्रिकेटला घालू, सुधारेल. नात्यातल्या एकांनी 'यावर उपचार करणारा' डॉक्टर सुचवलाय. मी काय करू?

त्या डॉक्टरकडे नेऊ नका. समलैंगिकता आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९०ला ती आजारांच्या यादीतून काढली, भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८मध्ये तेच सांगितलं, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये असे 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. शिवाय तुमचा मुलगा समलिंगी आहे की नाही हे आज कुणालाच ठाऊक नाही, त्यालाही नाही. आवाज नाजूक आहे, नाच आवडतो, यावरून ते ठरत नाही. त्याला विचारूही नका. आज चालू आहे तो छळ आहे, आणि तो थांबवायचाय.

पोटदुखी खोटी समजू नका. आधी एकच विचारा: शाळेत बाथरूमला जातोस का? चिडवणं जिथे शिक्षक नसतात तिथे जास्त होतं, म्हणजे स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा, जिना, बस. मुलं लघवी रोखून धरतात, मग पाणी पीत नाहीत, मग पोट आणि डोकं दुखतं. डबा परत येतो तेव्हा मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसतो, हे बघा.

दोन आठवडे वहीत नोंदी ठेवा: तारीख, तास, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. मग वर्गशिक्षकांना भेटा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या नावे पत्र देऊन पोच घ्या. पत्रात 'माझा मुलगा असा आहे' यावर एक ओळही नको. काय घडलं आणि काय हवंय तेवढंच लिहा: मधल्या सुट्टीत त्या मजल्यावर शिक्षक, कपडे बदलायला वेगळी वेळ, बसमध्ये पुढची सीट. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांच्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं, त्याचा उल्लेख करा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीलाही प्रत द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. चिडवणाऱ्या मुलांना आणि त्याला समोरासमोर बसवून 'हात मिळवा' करू देऊ नका. संध्याकाळी जिन्यात त्याची भरपाई तुमच्या मुलालाच करावी लागते.

क्रिकेट त्याला आवडत असेल तरच. शिक्षा म्हणून लावलेल्या खेळाच्या कडू आठवणी आमच्याकडच्या पत्रांत किती आहेत, ते मिस्टरांना जरूर सांगा. मुलाला आज रात्री एवढं सांगा: "ते बोलतात ती त्यांची चूक आहे. तू चालतोस, बोलतोस तसाच राहा. शाळेशी मी बोलतेय." समुपदेशक हवा असेल तर अपॉइंटमेंटच्या आधी फोनवरच विचारा, "मला मुलाला बदलायचं नाही, त्याचा त्रास कमी करायचाय, तुम्ही करता का?" उत्तरात 'नॉर्मल करू' आलं की फोन ठेवा. समलिंगी मुलांच्या पालकांचा 'स्वीकार' हा गट मुंबईत आहे. मुलाचं पुढे काय ठरतं यासाठी थांबायची गरज नाही, त्या आयाबापांशी आत्ताही बोलता येईल.

नववीत असताना एका नातेवाइकाने माझ्याशी केलेल्या गोष्टी लिहाव्यात असं वाटतं, पण हात थरथरतो. मी पुरुष आहे, समलिंगी आहे. त्यामुळेच मी असा झालो का?

नाही. अत्याचाराने माणसाचं आकर्षण ठरत नाही. अत्याचार झालेले बहुसंख्य मुलगे पुढे समलिंगी नसतात, आणि असंख्य समलिंगी पुरुषांवर असं काही झालेलं नसतं. पुष्कळदा क्रम उलटा असतो: मुलगा आधीपासून वेगळा, एकटा, घरी सांगू न शकणारा असतो, आणि करणाऱ्याला तो एकटेपणा दिसतो. शरीराने प्रतिसाद दिला असेल तर त्याला संमती म्हणत नाहीत.

हे रात्री लिहू नका आणि एकटे असताना लिहू नका. दिवसा, दहा मिनिटांचा गजर लावून लिहा, आणि उठल्यावर करायचं काम आधीच ठरवून ठेवा: भाजी आणणं, अंघोळ, कुणाला फोन. घटनेपासून सुरू करायची सक्ती नाही. त्या दिवशीचा शाळेचा गणवेश, जेवण, पाऊस होता का, एवढंच लिहिलं तरी चालेल. लिहिताना आपण तिथेच आहोत असं वाटू लागलं तर वही मिटा, पाय जमिनीला टेकवा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. मग थेरपिस्टबरोबरच पुढे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तो माणूस आजही मुलांच्या सहवासात असेल तर लिखाण बाजूला ठेवून १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे. त्याआधीच्या घटनेला तेव्हाचा कायदा लागतो, आणि तक्रार करायची की नाही हे वकिलाशी बोलून तुम्हीच ठरवायचं.

माझ्या आईने दहावीच्या सहलीच्या फोटोतला माझा मित्र कात्रीने कापून टाकलाय. अल्बम चिकट पानांचा आहे, फोटो निघत नाही. तो दुरुस्त करून लेखासोबत देता येईल का?

ओढू नका. आधी अख्ख्या पानाचा फोटो काढा. मग फोटोच्या कोपऱ्याखालून दातांचा साधा, मेण नसलेला फ्लॉस सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. हेअर ड्रायर लावू नका, उष्णतेने फोटोचा थर मऊ होऊन प्लॅस्टिकला चिकटतो. फ्लॉस अडला तर सोडून द्या आणि पानासकटच स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० डीपीआय, टिफ फाइल. मागची बाजूही स्कॅन करा, तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असू शकते.

पांढरी बुरशी दिसली तर ओलं फडकं लावू नका. मास्क बांधून, गॅलरीत, कोरड्या मऊ ब्रशने झटका. नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या माळ्यावर नको, पावसाळ्यात ती भिंत पाझरते. रंगीत प्रिंटच्या मागे पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा ठसा पुढे येतो, म्हणून माहिती पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला.

कापलेली जागा भरून काढू नका. कात्री कुठून सुरू झाली, तुमच्या खांद्यावरचा त्याचा हात आईने ठेवला की तोही गेला, हे त्या कडेवरूनच दिसतं. छापायचाच असेल तर तसाच छापा. मित्राचं नाव मात्र त्याला विचारल्याशिवाय देऊ नका. तो आज संसारात असेल, आणि नुसतं नाव बदलून भागत नाही. शाळा, सहलीचं ठिकाण आणि साल यांतलं काहीतरी बदला आणि बदललंय असं लेखात सांगा.

आणि घरात निगेटिव्ह शोधा. पूर्वी स्टुडिओवाले प्रिंटबरोबर पाकिटात चार-सहा फ्रेमच्या पट्ट्या देत. ही पाकिटं अल्बमच्या मागच्या खिशात किंवा लग्नपत्रिकांच्या पिशवीत सापडतात. पट्टी कडांना धरून ट्यूबलाइटसमोर उजेडात बघा. प्रिंट कापणाऱ्या माणसाला बहुतेकदा निगेटिव्हची आठवण राहत नाही.